मागचे रुंद टायर

माझ्या मावशीचे यजमान गाड्यांची चाकं सरळ करायचे. वापरून वापरून चाकं आत-बाहेर कलतात, मग गाडी एका अंगाला ओढते. ती मशीनवर चढवून पुन्हा नीट लावायची, हा त्यांचा धंदा. म्हणून कारखान्यात सगळे त्यांना सरळ्या म्हणायचे. मावशी म्हणायची, "नावापुरतेच सरळ आहेत." आम्ही भाचरं त्यांना काका म्हणायचो.

मावशी गाड्यांच्या सीटा शिवायची. त्याच कारखान्याच्या माडीवर तिचं मशीन होतं. काकांनी एक जुनी, बुटकी, दोन दारांची गाडी भंगारातून उचलून आणली आणि तिच्या सीटा शिवून घ्यायला ते माडीवर गेले. सीटा झाल्या तरी यांचं माडीवर जाणं थांबेना. शेवटी मावशीच्या वडिलांनी विचारलं, "अजून किती सीटा आहेत त्या गाडीला?" त्यानंतर लग्न ठरलं.

गाडीचं इंजिन ताकदीचं होतं आणि ती सगळी ताकद मागच्या चाकांना जायची. म्हणून काकांनी मागे रुंद टायर घातले होते, पुढे त्याहून अरुंद. मागून बघितलं तर गाडी मांडी घालून बसल्यासारखी दिसायची. गावाबाहेरच्या डोंगराचा रस्ता वर्षातून एक दिवस बंद ठेवून तिथे चढाची शर्यत भरायची. काका दर वर्षी उतरायचे. पहिले कधीच आले नाहीत. पण वळण संपताना पाय दाबला की मागची चाकं रस्ता कशी धरतात आणि पाठीला सीटचा कसा रेटा बसतो, हे ते जेवताना ताट बाजूला सारून सांगायचे. सरावाला मावशी शेजारी बसायची. कारखान्याचं सामान पोचवायची व्हॅन तीच चालवायची, तेव्हा गाडीतलं तिलाही कळत होतं.

मग काकांना झटका आला. डावं अंग गेलं. हळूहळू बोलणं परत आलं, जरा जड. पाय काठीपुरता आला, डावा हात आलाच नाही. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. काका "बरं" म्हणाले. त्यावर घरात पुन्हा कोणी काही बोललं नाही.

त्या सुमारास मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आले. घर कारखान्याला लागूनच होतं. काकांची खुर्ची खिडकीशी असायची. खाली शेडमध्ये कापड घातलेली गाडी.

"काय बघताय?" मावशी विचारायची.

"काही नाही. कापड एका बाजूने सरकलंय."

ती खाली जाऊन कापड नीट करून यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कापड काही सरकलेलं नसायचं. हे तिलाही दिसत होतं, तरी ती जायची.

एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. डोंगरावर जाऊन येऊ."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टायर दगड झाले असतील."

खरंच झाले होते. उभ्या उभ्या रबर कडक होऊन चिरा पडल्या होत्या. टायरच्या दुकानाची मालकीण ओळखीतली. तिने मापं बघितली आणि सांगितलं, "पुढचं माप आहे. मागचं रुंद माप आता कोणी ठेवत नाही. चारी सारखेच घाल ना. पुढचे मागे, मागचे पुढे फिरवता येतात, सारखे झिजतात. आणि तू काय शर्यत लावणार आहेस? तुझ्या रिमला चालतंय."

मावशीला ते पटलं. चारी चाकांना एकच माप बसवून ती गाडी घरी घेऊन आली.

सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी मागच्या इवल्याशा सीटवर, गुडघे हनुवटीला लावून. काकांना बसवायलाच बराच वेळ गेला. सीट खोल होती आणि ते डावीकडे घसरत होते. डोंगर लागला तशी मावशी जरा खुलली. एका वळणातून बाहेर पडताना तिने पाय दाबला आणि गाडीचा मागचा भाग किंचित बाहेर सरकला. अगदी किंचित. मला वाटलं खडी असेल.

"मागं पकड कमी आहे," काका म्हणाले.

"खडी होती हो."

घरी उतरल्यावर काकांनी काठी माझ्या हातात दिली, गाडीच्या आधाराने वाकले आणि उजव्या हाताची बोटं मागच्या चाकाच्या कडेवरून फिरवली. टायर अरुंद, त्यामुळे रिमची धार बाहेर राहिली होती.

"पुढचंच मागं घातलंस?"

"मिळतच नव्हते. सगळीकडे विचारलं."

सगळीकडे विचारलेलं नव्हतं.

"असू दे," काका म्हणाले.

ते "असू दे" मावशीच्या फार जिव्हारी लागलं. रागावले असते तर ती चार शब्द बोलून मोकळी झाली असती. स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "या माणसाने टायरच्या बाबतीत कधी असू दे म्हटलं नव्हतं गं. पाव इंचासाठी हुज्जत घालायचा."

दुसऱ्या दिवसापासून तिने खरोखर सगळीकडे विचारलं. कात्री हातात आणि फोन खांद्याशी दाबलेला, असं तिचं कापणं चालायचं. दुकानाची मालकीण आधी वैतागली, मग तीही इरेला पेटली आणि तिने बाहेरून मागवायची खटपट केली. टायर यायला वेळ लागणार होता. मधल्या काळात मावशीने गाडीची डावी सीट सोडवून माडीवर नेली, उसवली, आणि डाव्या बाजूला जाड फोम घालून पुन्हा शिवली, काका कलू नयेत म्हणून. ते खुर्चीतून तिच्या मशीनचा आवाज ऐकत बसायचे. एकदा मला म्हणाले, "माझ्यासाठी शिवतेय. तेव्हाही शिवायची." मग ते खिडकीकडे वळले.

टायर आले. बसवून झाल्यावर गाडी पुन्हा मांडी घालून बसली. काकांनी चाकावरून हात फिरवला, आणि या वेळी तो लगेच काढला नाही.

त्या दिवशी मावशीने गाडी मनापासून चालवली. वळण, पाय, रेटा. वळण, पाय, रेटा. गाडी कुठे सरकली नाही. काका नव्या सीटवर ताठ बसले होते. मी आरशात मावशीचा चेहरा बघत होते. तिला शाबासकी हवी होती, लहान पोरीसारखी.

"आता?" तिने विचारलं.

"गाडी बरोबर आहे," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी नाही."

तसेच माथ्यावर पोचलो. तिथे मोठं सपाट मैदान आहे. शर्यतीच्या दिवशी गाड्या तिथे लावत. त्या सकाळी एक कुत्रं सोडलं तर तिथे कोणी नव्हतं. मावशीने मधोमध गाडी थांबवली आणि म्हणाली, "हात द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

तिने त्यांचा उजवा हात धरून स्टीअरिंगवर ठेवला. मग स्वतःचे दोन्ही हात काढून घेतले. "पाय माझे, हात तुमचा. कुठे न्यायची ते तुम्ही बघा."

गाडी चालू लागली. आधी वाकडीतिकडी. कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मग काकांनी एक मोठं वर्तुळ घेतलं, त्यावरच दुसरं. मावशी त्यांच्या हाताखालून हात घालून गिअर टाकत होती. मागे मी सीट धरून.

"थोडं दे," काका म्हणाले.

तिने पाय दाबला. मागच्या चाकांनी जमीन धरली, धूळ उठली आणि आम्ही तिघं सीटमध्ये दाबले गेलो. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा.

"अजून?"

"अजून."

दमेपर्यंत त्यांनी गाडी फिरवली. मग हात आपोआप मांडीवर आला. मावशीने इंजिन बंद केलं आणि पदराने त्यांचा घाम पुसला. त्यांचे डोळे पुसायचे तिने टाळले.

एकदा मन भरलं की निवांत होतील, असं मावशीला वाटलं होतं. झालं उलटंच. आता कापड सरकल्याचं निमित्त त्यांना लागेना. आठवडा अर्धाही सरत नाही तोवर विचारायचे, "या सुटीला हवा कशी असेल?" ज्या सुटीला जाणं व्हायचं नाही त्या दिवशी जेवणावरून लक्ष उडायचं. मी मावशीला म्हटलं, "आपण उगाच सुरू केलं का हे?"

तिने दाताने दोरा तोडला. "मलाही जायचं असतं गं," ती म्हणाली. "इतकी वर्षं ते सांगायचे आणि मी हं हं करायचे. आता कळतंय तर..." आणि सुईत दोरा ओवायला लागली.

पुढे माझी बदली झाली. आता मी खूप लांब असते. परवा फोन केला तर मावशीने सांगितलं, डोंगराचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद आहे, कधी उघडेल कोणी सांगत नाही. काका रोज सकाळी विचारतात. हाताला जरा कंप सुटलाय त्यांच्या.

मागून आवाज आला, "कोण आहे?"

"भाची आहे."

"तिला म्हणावं, मागची सीट रिकामी असते. येतेस का?"

"येते म्हणून सांग," मी म्हटलं.

कधी, ते मावशीने विचारलं नाही. मीही सांगू शकले नाही.