मेहुण्याचा एक सेंटीमीटर

पोलीस असूनही ज्याला कुत्रंसुद्धा घाबरत नाही, असा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझा धाकटा मेहुणा. इंग्लंडात सुपरिंटेंडेंट होऊन नुकताच निवृत्त झाला. परवा भोपाळच्या टी. टी. नगरात गाड्या आपणहून थांबतील या श्रद्धेने पांढऱ्या पट्ट्यांपाशी इतका वेळ उभा होता, की एका भाजीवाल्याने त्याला बसायला स्टूल दिलं. शेवटी एका आजीबाईने हाताला धरून पलीकडे नेलं आणि बजावलं, "अकेले मत निकला करो, भैया."

त्याची बढती आमच्या नातेवाइकांच्या कधी पचनी पडली नाही. त्या काळी तिकडे परीक्षा देऊन थेट साहेब होता येत नसे. सगळे आधी शिपाई. हाही शिपायाचा सार्जंट, मग इन्स्पेक्टर, चीफ इन्स्पेक्टर असा पायरीपायरीने चढला. सुपरिंटेंडेंट होऊन आला तेव्हा आत्याबाईंनी बंगला, गाडी, अर्दली यांची चौकशी केली. तो इस्त्री स्वतः करतो, हाताखालच्या पोरांना चहाही करून देतो, हे ऐकल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काही भानगड केली का रे याने तिकडे?"

इथल्या पोलीस भरतीत उंचीला कमी पडला म्हणून नशीब उघडलं, असं सगळे म्हणतात. तो कमी पडला नव्हता. भरतीच्या मैदानावर मोजणारा दुसरा होता, लिहिणारा कारकून मी. आमच्या शिवाजी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहून तो तयारी करायचा. पहाटे मोठ्याने आकडे मोजत दंड काढायचा, न्हाणीघर अडवायचा, आणि बायको तव्यावरची पहिली पोळी त्याला वाढायची. नोकरी लागली तर हा कायमचा बसेल, या धास्तीने मी एक सेंटीमीटर कमी लिहिला. वर्षभरात तो लग्न करून सासऱ्यांकडे इंग्लंडला गेला.

बायकोला हे सांगायचं राहिलं, आणि ती गेली. म्हणून या खेपेला, बाग सेवनियातल्या आमच्या स्वयंपाकघरात तो मटार सोलत असताना, त्याला सांगून टाकलं. त्याने हातातली शेंग सोलून दाणे वाडग्यात टाकले.

"भाऊजी," तो म्हणाला, "पोलीस कुणाला व्हायचं होतं? भोपाळला लागलो असतो तर ताईजवळ राहायला मिळालं असतं."

आठ दिवसांसाठी आला होता, महिना होत आला. परत कधी जाणार, हे मी विचारलेलं नाही.