भोंगा बंद, आर्लेटा चालू

"नवऱ्यामुळे लागला का हा नाद?" असं कुणी विचारलं, की आर्लेटा निसवँडर त्याच्याकडे अशी बघायची की पुढचा प्रश्न त्याच्या घशातच अडकायचा. नवऱ्याला रेल्वेचं काडीचं प्रेम नव्हतं. तो बिचारा हयात होता तोवर घरी गोल्फ बघत बसायचा, आणि ही टॅनरी रोडच्या फाटकाशी घडीची खुर्ची टाकून मालगाड्या बघायची. आमच्या केलर्सव्हिलात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेद देतात, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. फाटकाशी बसणारे आम्ही चार-पाच पेन्शनर बाप्ये आणि ही एक बाई. रेल्वेचे लोक आम्हाला 'फोमर' म्हणतात, म्हणजे इंजिन दिसलं की तोंडाला फेस येणारे. शिवीच ती. आर्लेटानं तो शब्द मोठ्या अक्षरांत टोपीवर शिवून घेतला आणि टोपी घालून चर्चला गेली.

आयुष्यभर तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. मकरोनी, खिमा आणि चीजचं ते जॉनी मार्झेटी तिच्या हातचं खाऊन अर्धं गाव मोठं झालं. त्यामुळे महापौर असो की पोलीस, तिच्यापुढे सगळे ताट घेऊन उभी असलेली पोरं.

इंजिनं बनवणाऱ्यांची दोन मोठी घराणी, जीई आणि ईएमडी. नवशिके रंगावर जातात. रेल्वे कंपन्या एकमेकींची इंजिनं भाड्यानं घेतात, जुनी विकतात, तेव्हा रंगाला काही अर्थ नसतो. "टोपीवरून माणूस ओळखणारे गाढव असतात," आर्लेटा म्हणायची. "अंग बघा." जीईच्या पाठीमागे रेडिएटर पंखासारखे बाहेर आलेले असतात. ईएमडीच्या जुन्या एसडी-चाळीसला पुढेमागे मोकळी ओसरी असते, दोन खुर्च्या टाकून कॉफी प्यावी एवढी. ती लांबून बघून सांगायची आणि गाडी जवळ आली की आम्ही मुकाट्यानं मान डोलवायचो.

मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध डाग पडला, कडेकडेचं तेवढं दिसायचं. मोटार चालवायचा परवाना गेला, तेव्हापासून मी तिला माझ्या पिकअपमधून आणायला लागलो. मी लोवेल, धान्याच्या कोठारावर काम करून निवृत्त झालेला. डोळ्यांचं मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि "बाहेर बोललास तर याद राख" असा दमही सोबत मिळाला होता.

बाईनं हार मानली नाही. ती कानानं इंजिनं ओळखू लागली. फाटक आलं की इंजिन भोंगा देतं, दोन लांब, एक आखूड, एक लांब. कुठल्या इंजिनाचा भोंगा तीन गळ्यांचा, कुठल्याचा पाच, एखाद्याचा एक गळा बसलेला. "भोंग्यानं अर्धं इंजिन कळतं," ती म्हणायची, "उरलेलं अर्धं धापेवरून." जीई दमेकऱ्यासारखं धापा टाकतं, आणि ईएमडी एका सुरात घुमतं, वर बारीक शीळ.

त्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यातून काही फोमर आले होते. वारा उलटा होता, भोंगा धड ऐकू आला नाही, आणि आर्लेटा समोरून सरकणाऱ्या रंगाच्या पट्ट्यावर विसंबून बोलून गेली, "ईएमडी." गाडी पुढे आली. ढळढळीत जीई, पंख फुटलेलं. एकजण फिदीफिदी हसला. "काकू, घरी मिस्टरांना विचारून येत जा."

"चुकले," आर्लेटा म्हणाली. "आणि मिस्टर थडग्यात आहेत, जाऊन विचार हवं तर."

परत येताना मात्र पिकअपमध्ये तिनं टोपी काढून मांडीवर उलटी ठेवली. मला त्या इंडियानावाल्याचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

आणि त्याच महिन्यात ती नोटीस लागली. पिठाच्या जुन्या गिरणीत नवे फ्लॅट झाले होते. तिथल्या लोकांना भोंग्याचा त्रास होत होता. गावानं टॅनरी रोडला लांब दांड्यांचं नवं फाटक बसवायचं आणि गाड्यांनी तिथं भोंगा द्यायचा नाही, असा ठराव नगरसभेपुढे येणार होता. कोणालाही उठून बोलायची मुभा होती.

"तू डोळ्यांचं सांग," मी तिला म्हटलं. "भोंगा गेला तर तुझं सगळंच गेलं. गाव ऐकेल."

"म्हणजे म्हातारीची कीव करून गाडीनं ओरडायचं? माझे डोळे हा केलर्सव्हिलचा विषय नाही, लोवेल."

सभेत ती फोमर टोपी घालूनच उभी राहिली. "भोंगा आधीचा, गिरणी नंतरची, फ्लॅट परवाचे," ती म्हणाली. "रुळाशेजारी घर घ्यायचं आणि रुळालाच गप्प बस म्हणायचं, ही कुठली रीत?"

फ्लॅटमधला ब्रेंट नावाचा मुलगा उठला. कडेवर तान्ही मुलगी. "मिसेस निसवँडर, तुमचा छंद आहे, मान्य. पण छंदापायी माझ्या लेकीनं झोपायचंच नाही का?"

खरं सांगायचं तर त्याचंही चूक नव्हतं. मला ते तेव्हाही पटलं आणि त्याचाही राग आला. आर्लेटा एवढंच म्हणाली, "लेक गोड आहे तुझी. पण छंद म्हणू नकोस." काय म्हणायचं ते तिनं सांगितलं नाही. मी उठायला लागलो तर तिनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. ठराव मंजूर झाला. महापौर टॉड तिच्या नजरेला नजर देईना. तिला तसंही त्याचं तोंड दिसत नव्हतं.

नवं फाटक बसलं आणि भोंगा बंद झाला. मला वाटलं, आता ती घरी बसेल. सकाळी गेलो तर बाई टोपी घालून पायरीवर तयार.

फाटकाशी पोचलो तर तिनं मला ड्रायव्हरच्या जागेवरून उठवलं. "चावी ठेव आणि सरक." घंटी वाजली, दांड्या खाली आल्या, गाडी मुक्यानं जवळ येऊ लागली. आर्लेटानं पिकअपच्या हॉर्नवर तळहात दाबला. दोन लांब, एक आखूड, एक लांब. मागे थांबलेल्या दूधवाल्या टँकरनं क्षणभर विचार केला आणि त्यानंही तसाच दिला.

गिरणीतून फोन गेला असणार, कारण लगेच पोलिसाची गाडी आली. आत कर्टिस, एकेकाळी दोनदा मार्झेटी मागणारा.

"मिसेस निस, हॉर्न का वाजवताय?"

"गाडी येतेय. ठरावात गाडीनं भोंगा द्यायचा नाही असं आहे. आर्लेटानं द्यायचा नाही असं कुठं लिहिलंय ते दाखव."

"दंड करावा लागेल मला."

"कर की. पाठ सरळ ठेवून लिही, शाळेतही ताटावर वाकूनच बसायचास."

पुढच्या जंक्शनला सिग्नल नाही म्हणून इतका वेळ रेंगाळत, कुथत येणारी गाडी तेवढ्यात फाटकातच थांबली. पहिलं इंजिन आमच्यासमोर. ड्रायव्हरनं खिडकी सरकवली. हा आमच्या ओळखीचा नव्हता, टोपीवरची अक्षरं वाचून दात काढत होता.

"काय हो फोमर आजी! माझा भोंगा तुम्ही घेतलात, मग इंजिन तरी ओळखा!"

इंजिनावर भलत्याच कंपनीचा रंग होता. मी तिच्या कानाशी वाकलो, तर तिनं फाडकन माझ्या हातावर चापट मारली. पिकअपमधून उतरली, दांडीपर्यंत गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. कर्टिसचा पेन थांबला. वर गिरणीच्या गॅलरीत ब्रेंट मुलीला घेऊन बघत होता. इंजिन एका सुरात घुमत होतं.

"ईएमडी," आर्लेटा म्हणाली. "एसडी-चाळीस. जुनं."

"चूक!" ड्रायव्हर ओरडला आणि डोळा मारला, मला, कारण तिचे डोळे मिटलेले होते. "जीई आहे, आजी!"

मला पुढेमागे ओसरी स्पष्ट दिसत होती. मी तोंड उघडलं, पण माझी गरजच पडली नाही.

"जीई?" आर्लेटा दांडीवरून अर्धी पुढे वाकली आणि अख्ख्या टॅनरी रोडला ऐकू जाईल अशी कडाडली. "अरे मेल्या, डोळे फुटले का तुझे?"