न वाचलेला ठराव

अण्णा गेले हे मला कल्याण कोर्टाच्या बाकावर कळलं. माझा पुकारा व्हायचा होता. फोन आला, अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "अगं, दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत..." समोर माणसं ये-जा करत होती, पण त्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. पुकारा झाल्यावर मी उभी राहिले, तारीख मागून घेतली आणि परत बाकावर येऊन बसले. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

अण्णा कोपरीतले वकील, माझे सीनिअर. मी मानपाड्याहून नवी कोरी सनद घेऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक दावा मोठ्याने वाचायला लावला. जेवण झालेलं, स्वारी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेली, खिडकीतून खाडीचा खारट वारा. मला वाटलं, म्हातारा झोपला. मी खुशाल एक परिच्छेद गाळला. "चार नंबर कुठे गेला, बाई?" डोळे मिटलेलेच! अशा कितीतरी दुपारी गेल्या. आता आठवू जाते तर कुठली दुपार कुठे संपली आणि कुठली सुरू झाली, काही सांगता येत नाही.

अण्णांना राजकारणात ओढलं ते कोळणींनी. खाडीकाठी त्यांचं जवळा सुकवायचं खळं होतं आणि महापालिकेला नेमका त्यावरूनच रस्ता काढायचा होता. खळं गेलं तर त्यांची चूलच विझणार होती. अण्णा त्यांचा दावा चालवत होते. "दादा, कोर्टान भांडतंस, तसा सभेन पन भांड," असं द्रौपदाबाई म्हणाली. दाव्यात पहिलं नाव तिचंच होतं. अण्णा उभे राहिले, निवडून आले. स्वतःच्याच महापालिकेविरुद्ध वकीलपत्र ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तो दावा माझ्याकडे दिला. नगरसेवक झालेले अण्णा मला फारसे आवडले नाहीत, हे सांगून टाकते. सदा कुठेतरी नारळ फोडायला गेलेले असत.

सभेत भांडणाचे विषय संपले की उरलेले एका दमात उरकायची रीत असते. सचिव नुसते क्रमांक वाचतात, सभासद पिशव्या आवरत "मंजूर, मंजूर" म्हणतात. अशाच घाईत रस्त्याचा ठराव पास झाला. आणि त्यावर अनुमोदक म्हणून नाव कुणाचं? आमच्या अण्णांचं! महापालिकेच्या वकिलांनी ठरावाची प्रत कोर्टात दाखल केली. म्हणणं असं, की कोळ्यांच्या प्रतिनिधीचीच संमती आहे.

द्रौपदाबाई ती प्रत घेऊन ऑफिसात आली. "दादा, तुजा नाव हाय यान. खोटा हाय असा सांग."

अण्णा कागदाकडे बघत राहिले. "खरं आहे, द्रौपदे. मी वाचलं नव्हतं."

ती प्रत टेबलावर टाकून निघून गेली. मला रडू आलं आणि रागही आला. अण्णा शांतपणे म्हणाले, "मला साक्षीला बोलाव."

"अण्णा, पक्ष परत तिकीट देणार नाही."

"खळं गेल्यावर ते तिकीट काय वाळत घालू?"

सकाळचं ऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर तिरपं पडलं होतं. अण्णा त्यात उभे होते आणि मला ते फार लांब, खाडीच्या पलीकडे असल्यासारखे वाटत होते... ठराव न वाचताच मंजूर म्हटलं, कोळ्यांची संमती नव्हतीच, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. उलटतपासात समोरच्या वकिलांनी हसत विचारलं, "आयुष्यभर वकिली केलेला माणूस न वाचता मंजूर म्हणतो?"

"म्हणाला. तो माणूस मीच."

संमतीचा मुद्दा पडला आणि निकाल आमच्या बाजूने लागला. रस्ता वळसा घालून गेला, खळं राहिलं. तिकीट अर्थातच गेलं, आणि गावभर "न वाचणारा वकील" अशी थट्टाही झाली. अण्णांनी ती निमूट सोसली. द्रौपदाबाई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी येऊन समोर बसली आणि पावसापाण्याचं बोलू लागली.

परवा ठाण्याच्या बार रूममध्ये शोकसभा झाली. अण्णा ज्या कोपऱ्यात चहा घेत, तिथली खुर्ची कुणी सरकवली नव्हती. अध्यक्षांनी ठराव वाचला : "निष्कलंक कारकीर्द, कधीही चूक न केलेले विधिज्ञ..." अनुमोदक म्हणून माझं नाव पुकारलं. सगळे "मंजूर" म्हणायच्या बेतात होते.

मी उभी राहिले. "माझी हरकत आहे."

"मग काय लिहायचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"लिहा, यांनी एक मोठी चूक केली आणि ती शपथेवर सांगितली."

अध्यक्षांनी पेन काढलं, ओळ खोडली, नवी लिहिली. कागद या हातातून त्या हातात फिरला. प्रत्येकाने तो वाचला आणि मगच पुढे दिला. माझ्याकडे आला तेव्हा मला अक्षरं दिसेनात. शेजारी बसलेल्या वकीलबाईंनी वाचून दाखवला, तेव्हा मी सही केली.