जयतीर्थाची दुसरी एकादशी

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरात जयतीर्थ राहतो. त्याचे पूर्वज कधीकाळी लष्कराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि ज्या विमा कचेरीत तो अधिकारी आहे तिथं दोन्हींचं मिळून काहीतरी. वय चाळिशीच्या पुढं. पोट थोडं सुटलेलं. त्या पोटासकट त्याला गोव्याच्या शर्यतीत आधी समुद्रात पोहायचं असतं, मग सायकल हाणायची असते आणि मग पळायचं असतं, मध्ये कुठं न टेकता. गेल्या वर्षी सायकल संपेपर्यंतच त्याची वेळ संपली. एका पोरीनं हात आडवा धरून "बस, अंकल," म्हटलं. तो 'अंकल' त्याच्या कानातून अजून निघालेला नाही.

यंदा हर्षितानं, म्हणजे त्याला शिकवणाऱ्या मुलीनं, साफ सांगितलं होतं. "अण्णा, सायकलनं मागडीला जाऊन या, आणि उतरल्या उतरल्या पळून दाखवा. एकदा तरी. जमलं तर गोवा, नाही तर यंदा घरी." त्यासाठी शर्यतीआधीचा एकच शनिवार-रविवार उरला होता.

आणि नेमकं तेव्हाच चेन्नईकडच्या समुद्रात वादळ उठलं. तिकडं समुद्र खवळला की बंगळूर भिजतं. हा पाऊस गडगडत नाही, कोसळत नाही. न बोलावलेल्या पाहुण्यासारखा येतो आणि उठायचं नाव काढत नाही. वारा त्याला आडवा करतो, आणि गारठा हाडापर्यंत हळूहळू मुरतो, मातीच्या भिंतीत ओल चढावी तसा.

शनिवारी सायकल काढायचं ठरलं होतं. शुक्रवारी जयतीर्थानं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडं पाहिलं, तर शनिवारी एकादशी. मुंज झाल्यापासून त्यानं एकादशी मोडलेली नाही. पाण्यापलीकडं काही घ्यायचं नाही, हा घरचा नियम. तो चडफडला. पण शनिवारी पहाटे झाडं मोडतील असा वारा सुटला आणि हर्षितानं तिच्याकडं शिकणाऱ्या सगळ्यांनाच कळवलं, उद्या जाऊ. जयतीर्थाला बरं वाटलं. उपास आणि पाऊस एकाच दिवशी उरकत होते. दिवसभर तो उपाशीपोटी खोलीत पडून राहिला.

रविवारी अंधार असतानाच तो भुकेनं कासावीस होऊन स्वयंपाकघरात आला. चूल थंड होती. आई, कौशल्याबाई, आंघोळ करून जपाला बसल्या होत्या.

"आई, उप्पिट करतेस जरा? लवकर निघायचंय."

"आज एकादशी."

"काल झाली की!"

"काल स्मार्तांची झाली. आपली आज. काल पहाटे दशमी होती."

जयतीर्थाचं घर माध्वांचं, मठाचं पंचांग पाळणारं. त्याची बायको सुखदा पुण्याची, स्मार्तांच्या घरची. बहुतेक वेळा दोघांची एकादशी एकाच दिवशी येते. पण पहाटे दशमीचा अंश उरला असेल, तर माध्व उपास दुसऱ्या दिवशी धरतात. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर सुखदाचं होतं.

"मग काल सांगितलं का नाहीस?"

"तू तोंड फुगवून खोलीत बसलेलास. मला वाटलं, पाऊस लागला म्हणून रुसलाय."

आतून सुखदाचा झोपाळलेला आवाज आला, "माझ्या कॅलेंडरवर दोन्ही छापल्यात हं. तू मोठं अक्षर तेवढं वाचलंस."

"तुझी एकादशी केली मी काल!"

"माझी? मी कुठं करते? काल मी दडपे पोहे खाल्ले."

जयतीर्थाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "आई, काल केली ती धरायची. देवाला कळत नाही का?"

"देवाला कळतं. तुलाच कळत नाही." कौशल्याबाईंनी माळ पुढं ओढली. "खायचं तर खा. मी कोण अडवणारी?"

अडवलं असतं तर तो भांडून खाऊ शकला असता. आता खाताही येईना. तो तसाच सायकलवर बसला.

मागडीपर्यंतचा रस्ता नुसता उडत गेला. वारा पाठीशी होता, आणि आपल्या पायात बळ आलंय असं त्याला वाटत राहिलं. मागडीला सायकल वळवली आणि तोच वारा समोरून छातीवर आला. पाऊस डोळ्यांत टोचू लागला. तो पायडल मारी आणि रस्ता जागचा हलेना. चढावरच्या नाचणीच्या शेतात कणसं आडवी झाली होती. त्यांच्याकडं पाहून त्यालाही आडवं व्हावंसं वाटलं. तावरेकेरे गावाच्या अलीकडं हात थरथरायला लागले, आणि तो रस्त्याकडेला उतरला.

मागून हर्षिताची गाडी आली. तिनं काच खाली केली. "काय खाल्लंय सकाळपासून?"

"काही नाही. कालपासून."

त्यानं एकादशीचं सगळं सांगितलं. हर्षिता हसली नाही. तिनं छोट्या येलक्की केळ्यांचा घड बाहेर धरला. "अण्णा, तुमच्या आणि देवाच्या मध्ये मी येत नाही. पण असं उपाशी सायकल चालवू देणार नाही. खा आणि चला, नाही तर गाडीत बसा."

"पाण्यावर नाही भागणार?"

"बघा ना हात."

त्यानं हात पाहिला. केळं सोललं. पहिला घास तोंडात फिरत राहिला. मग दुसरं केळं, मग तिसरं, रागारागानं, सालीसकट खाईल अशा वेगानं. मुंज झाल्यापासूनचं सगळं त्या रस्त्याकडेला मोडलं, आणि वारा होता तेवढाच राहिला.

घरी पोचला तेव्हा त्याला सायकलवरून नीट उतरताही येईना. पायरीवर पळायचे बूट होते. हर्षिता गाडी लावून फाटकाशी थांबली होती. कौशल्याबाई दारात आल्या.

"झालं?"

"सायकल झाली. पळणं नाही जमत." तो खाली बघत म्हणाला, "केळी खाल्ली मी."

त्यांनी पायरीवरच्या बुटांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "एकादशी मोडलीस, आणि वर अर्धं ठेवून घरात येतोस? मग मोडली कशाला?"

जयतीर्थाला इतका संताप आला की बूट कधी चढवले ते त्याचं त्याला कळलं नाही. घरासमोरच्या मैदानाभोवती चिखल तुडवत, स्वतःवर, कॅलेंडरवर, दशमीवर चिडत तो पळत राहिला. हर्षिता छत्री घेऊन उभी होती. शेवटी ती मान डोलावून कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "सरी अण्णा. गोवा."

आनंद व्हायला अंगात काही उरलं नव्हतं. घरात चूल आज पेटणार नव्हती. "कोपऱ्यावर दर्शिनी आहे," कौशल्याबाई आतूनच म्हणाल्या, "जा तिथं."

तो त्या उभ्यानं खायच्या हॉटेलात गेला. ओल्या कपड्यांनी, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून रस्त्याकडं पाठ करून, उभ्या उभ्या त्यानं इडली खाल्ली. ती संपायच्या आत दुसरी मागवली.