क्लासच्या बोर्डावरचा काळा ठिपका

तुळजापुरात घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास काढला आणि दारावर पिवळाधमक बोर्ड लावला. अक्षरं काळी, इंग्रजी. वर 'स्पोकन इंग्लिश क्लासेस', खाली 'डोन्ट वरी'. जूनमध्ये प्रवेश झाले नाहीत तर परत सोलापूरला दुसऱ्याच्या क्लासात शिकवायला जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

एका शनिवारी सकाळी बघतो तर 'क्लासेस'च्या शेवटच्या एसआधी, वरच्या बाजूला, टांगलेल्या स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी. साध्या अनेकवचनाला तो लावायचा नसतो, हे मी पहिल्याच तासाला दरडावून सांगतो. गावातल्या लॉजांच्या पाट्यांवर 'रूम्स'ला तो हमखास असतो आणि त्यावर मी पोटभर हसून घेतलेलं आहे. आता तो माझ्याच दारावर.

ओल्या फडक्यानं पुसला. पुढच्या शनिवारी परत हजर.

संशय कुणाचा येणार? समोर क्लास घेणाऱ्या सरांचा. पुसताना बोट काळं झालं ते हुंगलं, तर तुपाचा वास. सर राहतात तिथंच, पेढ्याच्या दुकानाच्या वर. एवढ्या पुराव्यावर मी त्यांना जन्मठेप दिली असती.

चहाच्या गाड्यावर गाठलंच. "सर, तुमच्याकडं तूप लई झालंय म्हणं."

"पाहिजे का? खाली सांगून ठेवतो."

"नको. बोर्डाला लावून संपवा."

सर कप खाली ठेवत म्हणाले, "बोर्डावरनं आठवलं. तुमचं ते अनेकवचन तेवढं बघा. एक पालक विचारत होते, हे सर स्वतः कुठं शिकले म्हणून."

झालं. माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला, असं मी धरून चाललो.

पुढच्या शनिवारी उजाडताच मी समोरच्या फुलांच्या गाड्याआड दबा धरला. सरांचं दार बंद. उघडलं ते माझंच. न्हाऊन, केस ओले, आई बाहेर आली. एका हातात प्लास्टिकचं स्टूल, दुसऱ्या हातात काजळाची डबी. तुपाच्या दिव्यावर घरीच धरलेलं काजळ.

"आई, काय करतीस?"

"तीट लावते. नवा बोर्ड, येणारा-जाणारा मान वर करून बघतोय. दृष्ट लागायला किती वेळ?" स्टुलावर चढत ती हळू आवाजात म्हणाली, "पण दरखेपी कुणीतरी पुसतंय बघ. मला त्या समोरच्या सरांचा संशय हाय."

"मागच्या अंगाला लाव की."

"दृष्ट काय मागनं येती व्हय?"

आता ही तीट टेकवायची कुठं, म्हणून मी बोर्ड नीट वाचला. रंगवून घेतल्यापासून पहिल्यांदाच. 'डोन्ट'मध्ये एन आणि टी अंगाला अंग लावून उभे. अपॉस्ट्रॉफी हवा तिथं पेंटरनं ठेवलाच नव्हता, आणि मी रोज त्याच्याखालनं जात होतो.

"इथं लाव," मी म्हणालो. "दृष्ट इथनंच आत शिरती."

तिनं लावली. समोरच्या खिडकीत उभ्या असलेल्या सरांनी मान डोलावली. ही दुसरी चूक त्यांना आधीपासनं दिसत होती का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

प्रवेश भरले. आई म्हणते, तीट लागू पडली. दर शनिवारी मी खाली स्टूल धरून उभा असतो, आणि समोरच्या खिडकीत सर मान डोलावतायत का, तेवढं बघून घेतो.