अंधेरी ते मुलुंड : एका थंड पेटीसह

काशी-रामेश्वराची वर्णने पुष्कळांनी लिहिली. अंधेरी ते मुलुंड या दुर्गम मार्गाची मात्र मराठी वाङ्मयाने अक्षम्य उपेक्षा केली आहे. ऐंशीच्या दशकात मी ही यात्रा दर गुरुवारी करीत असे, आणि तीही सपरिवार. परिवार म्हणजे एक लाकडी पेटी.

पेटीत अग्निबाणाच्या टाकीचे पोलादी कडे असे. त्याचे वेल्डिंग आमच्या अंधेरीच्या कारखान्यात होई. सांधा भाजून पक्का करण्याची भट्टी मुलुंडच्या शाखेत. वाटेत कडे निवले तर सांध्याला तडा जाई. म्हणून ते गरम असतानाच अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचे, पेटीवर माझ्या घरची गोधडी, आणि हे सारे माझ्या मांडीवर, बसमधून. कंपनीची जीप व्यवस्थापकांच्या कन्येस शाळेत पोहोचविण्याच्या राष्ट्रकार्यात गुंतलेली असे. दर थांब्यावर मी गोधडीखाली हात घालून ऊब तपाशी. बोरिवलीच्या माझ्या एकट्याच्या बिऱ्हाडात इतके उबदार दुसरे काही नव्हते.

ही गैरसोय नष्ट करण्यासाठी मीच कित्येक वर्षे झटत होतो. सांध्याभोवती विजेची वेटोळी बसवून कडे जागच्या जागी भाजायचे, अशी कल्पना. काही कडी वाकली, काही करपली. अखेर एक मनासारखे उतरले. ते थंडच मुलुंडला तपासणीस न्यायचे होते. तडा निघाला तर माझी इतकी वर्षे बुडणार होती. न निघाला तर माझे गुरुवार.

इच्छुक यात्रेकरूंनी मागचे आसन टाळावे. साकीनाक्याचे खड्डे तेथे मणक्यांशी थेट संवाद साधतात. कंडक्टर सावंत मालवणकडचे. पेटीला ते माझा झील, म्हणजे मुलगा, म्हणत. नेहमीप्रमाणे त्यांनी गोधडीवर हात ठेवला आणि दचकले.

“साहेबांनू, आज झील गार कसो?”

“वयात आला.”

“मगे आता हाफ तिकीट चलाचा नाय हां!”

घाटकोपरला बस बदलली. तेथील उसळपाव अवश्य खावा. एरवी मी तो एका हाताने खाई; आज दोन्ही हात मोकळे होते आणि भूक नव्हती.

मुलुंडच्या तपासनीस कांबळेबाईंनी शिरस्त्याप्रमाणे दोन कप चहा टाकला होता. ध्वनिलहरींचे यंत्र त्यांनी सांध्यावरून फिरवले. पुन्हा फिरवले.

“बाई, असेल तर स्पष्ट सांगा.”

“तडा? केसाएवढासुद्धा नाही. पेढे काढा, सर!” मग यंत्राचा पडदा पुसत म्हणाल्या, “म्हणजे पुढल्या गुरुवारी चहा एकच टाकायचा.”

मी चहा संपवला.

कडे आणि पेटी मुलुंडलाच राहिली. गोधडी मला परत मिळाली. संध्याकाळी बोरिवलीस पोहोचून या यात्रेचे फलित मोजू लागलो. अग्निबाणास निर्दोष सांधा लाभला, कारखान्यास दर आठवड्याचा एक दिवस. मला गोधडी. मुंबईच्या हवेत ती पांघरण्याचे योग विरळाच. खिडकीशी बसून मी ती मांडीवर घेतली आणि सवयीने खाली हात घालून पाहिला.