धाकट्याचे पेढे
वेलदोड्याचा वास आला की जुमेरा लेक टॉवर्समधली आमची आखातातली जुनी न्यूजरूम आठवते. एका सहकाऱ्याच्या थोरल्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून तो टेबलाटेबलावर पेढे वाटत होता. सत्तरीच्या अमेरिकन संपादकांनी पेढा उचलला आणि विचारलं, “धाकटा काय करतो?” “बारावीत आपटला, सर. त्याचे पेढे ह्या जन्मी नाहीत. खलास.” आम्ही हसलो. संपादक हसले नाहीत. “मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आईने केक केला होता,” ते म्हणाले. “व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. कॉलेजात शिकणाऱ्यांना सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट होती. धाकटा भाऊ अभ्यासात कच्चा, गॅरेजमध्ये कामाला. त्याला बोलावणं आलं. तो परत आला नाही.” “आईने मला कधी दोष दिला नाही. फक्त माझ्या पदवीदानाला ती आली नाही.” सहकाऱ्याने डबा बंद केला आणि खिडकीशी जाऊन धाकट्याला फोन लावला. “जेवलास का रे?” “येस बाबा. व्हाय?” युद्धाच्या बातम्या मी आजही लिहितो. मृतांचा आकडा लिहिला की बातमी पूर्ण होते, असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं.